दार, जाते आणि हतनूरचे दरवाजे



भुसावळच्या एका ताईंचे पत्र आले आहे. ताई लिहितात, "सविनय जय भीम. माझी मुलगी अकरावी सायन्सला आहे. दहावीपर्यंत मराठी माध्यम होते, आता सगळे इंग्रजीत आले. फिजिक्सच्या पुस्तकात वस्तू खिळीभोवती फिरण्याचा धडा आहे, तो तिला काही केल्या समजत नाही. टॉर्क, मोमेंट ऑफ इनर्शिया हे शब्द पाठ करते आणि रडते. म्हणते, आई, हे आपले काम नाही, मी आर्ट्सला जाते. पण मागच्या पावसाळ्यात आम्ही सगळे हतनूरला पूर पाहायला गेलो, तेव्हा हिनेच विचारले होते की, एवढे पाणी दरवाजाला टेकलेले असते, तर एक मोटार तो दरवाजा उचलते कशी? मला उत्तर देता आले नाही. तुम्ही द्याल का?"

ताई, तुमच्या मुलीला फिजिक्स येत नाही असे कोण म्हणते? जो धडा तिला समजत नाही, नेमका त्याच धड्यातला सर्वांत चांगला प्रश्न तिने धरणावर उभे राहून विचारला आहे. आर्ट्समध्ये वाईट काही नाही. आवड असेल तर जरूर जावे. पण एका धड्याच्या भीतीने वाट बदलू नये. म्हणून आजचे सदर तिच्यासाठी. इतरांनीही वाचावे, कारण तापीच्या काठावर आपली पुष्कळ माणसे राहतात आणि त्या दरवाजांशी आपला जवळचा संबंध आहे.

सुरुवात घरच्या दारापासून करू. पुस्तक बाजूला ठेवा आणि दाराजवळ उभे राहा. दार अर्धे उघडे ठेवा. आता कडीच्या बाजूला, अगदी काठावर एका बोटाने ढकला. दार सहज फिरते. मग तेच बोट बिजागरीपासून चार बोटे अंतरावर ठेवा आणि ढकला. बोट दुखेल, पण दार हलता हलत नाही. दार तेच, बोट तेच, फरक फक्त जागेचा. आता तिसरी गोष्ट करा. दाराच्या काठावर हात ठेवून दार बिजागरीच्याच दिशेने दाबा, म्हणजे फळीच्या लांबीच्या दिशेने. अंगातला सगळा जोर लावा. दार तसूभरही फिरणार नाही.

या तीन ढकलण्यांत तो अख्खा धडा आला. जी वस्तू एका खिळीभोवती फिरते तिला फिरवण्यासाठी नुसता जोर किती, एवढे पाहून भागत नाही. तीन गोष्टी पाहाव्या लागतात. जोर किती, खिळीपासून किती लांब आणि कोणत्या दिशेने. या तिन्हींचा मिळून जो परिणाम होतो त्याला पुस्तकात टॉर्क म्हणतात. इंग्रजी शब्दाला घाबरू नका. फिरवण्याची ताकद, एवढाच त्याचा अर्थ.

हिशेबही सोपा आहे. जोर गुणिले अंतर. समजा, बिजागरीपासून ८० सेंटिमीटरवर २ किलोचा जोर लावला. दोन गुणिले ऐंशी म्हणजे १६०. आता तेवढेच फिरवायचे आहे, पण हात बिजागरीपासून १० सेंटिमीटरवर आहे. मग १६ किलोचा जोर लागेल. आठपट जवळ गेलो, आठपट जोर लागला. मात्र एक लक्षात ठेवा. हे अंतर नेहमी जोराच्या रेषेला काटकोनात मोजायचे. जोर ज्या रेषेत लागतो ती रेषा खिळीतून गेली तर अंतर शून्य होते, आणि शून्याने कशालाही गुणले तरी शून्यच. तिसऱ्या वेळी दार का हलले नाही, त्याचे कारण हेच. तुमचा जोर खरा होता, पण तो सरळ बिजागरीत जाऊन मुरला.

आपल्या आया-आज्यांना हे शाळेत न जाता ठाऊक होते. जात्याचा खुंटा पाळीच्या अगदी कडेला ठोकलेला असतो, मधल्या खिळीजवळ नसतो. तो अर्ध्या अंतरावर ठोकला असता तर दुप्पट जोर लागला असता, आणि पहाटेचे दळण दुपारपर्यंत उरकले नसते. हापशाचेही तसेच. इंडिया मार्क टू जातीचा हापसा गावोगावी आहे. त्याच्या दांड्याची हाताकडची बाजू खिळीपासून लांब, आणि आतली साखळीची बाजू जवळ. हे प्रमाण सुमारे आठास एक. त्यामुळे बाईने पंधरा किलोचा जोर दिला की आतून शंभर-सव्वाशे किलोचे ओझे वर येते. फुकट मात्र काही मिळत नाही. हात आठ वीत खाली जातो तेव्हा पाणी एक वीत वर चढते. जोरात जी बचत झाली ती अंतरात भरावी लागते. म्हणून हंडा भरेपर्यंत दंड भरून येतात.

आता हतनूरकडे चला.

पूर्णा नदी चांगदेवजवळ तापीला मिळते. त्या संगमाच्या खालच्या अंगाला, भुसावळपासून जवळच, हतनूरचे धरण आहे. ते १९८२ पासून वापरात आहे. भुसावळ शहराला आणि दीपनगरच्या वीज केंद्राला त्याच्या पाण्याचा आधार आहे. धरण फार उंच नाही, पण रुंद आहे आणि त्याला तब्बल ४१ दरवाजे आहेत. तिकडे सातपुड्यात आणि विदर्भात पाऊस कोसळला की पूर्णा आणि तापी दोन्ही भरून येतात. मग वर्तमानपत्रांत मथळा येतो, "हतनूरचे इतके दरवाजे उघडले, नदीकाठच्या गावांना सावधानतेचा इशारा." हा मथळा खानदेशात लहान मुलालाही पाठ आहे.

त्या एका दरवाजावर पाणी किती जोराने दाबत असते? आकडे हिशेबापुरते धरू, म्हणजे सोपे जाईल. समजा, दरवाजा १० मीटर रुंद आहे आणि त्याला ६ मीटर उंचीचे पाणी टेकले आहे. पाण्याचा दाब वरच्या कडेला शून्य असतो आणि खाली जावे तसा वाढत जातो. सहा मीटर खोलीवर दर चौरस मीटरला ६ टन. म्हणजे सरासरी ३ टन. दरवाजाचे क्षेत्रफळ १० गुणिले ६, म्हणजे ६० चौरस मीटर. तीन गुणिले साठ, १८० टन. मालाने भरलेले अठरा ट्रक एका दरवाजाला टेकून उभे आहेत असे समजा. आणि असे दरवाजे एकेचाळीस.

हा दरवाजा सपाट पत्र्याचा असता आणि दगडी खाचेतून सरळ वर सरकवायचा असता तर काय झाले असते? १८० टनांनी तो खाचेला घट्ट दाबून धरला गेला असता. लोखंड लोखंडावर घासताना दाबाच्या चौथ्या हिश्शाइतकी अडवणूक धरली तरी ४५ टन होतात. त्यात दरवाजाचे स्वतःचे वजन, समजा २० टन. एकूण ६५ टन वर ओढायचे. म्हणून सरळ दरवाजांना चाके लावतात, म्हणजे घासणे कमी होते. तरी पाण्याचा सगळा भार त्या चाकांवर येतोच.

हतनूरचे दरवाजे मात्र सपाट नाहीत. ते वक्राकार आहेत. त्यांची फुगीर बाजू पाण्याकडे असते. पाठीमागून, म्हणजे कोरड्या बाजूने, लोखंडी हात निघतात आणि ते दोन बाजूंच्या भिंतींत बसवलेल्या जाड खिळींना जोडलेले असतात. दरवाजा वर सरकत नाही, या खिळींभोवती फिरतो. अगदी आपल्या दारासारखा, फक्त आडवा. तो फिरून वर गेला की पाणी त्याच्या खालून निसटते. हा दरवाजा अमेरिकेतल्या विस्कॉन्सिनचे जेरेमाया टेंटर यांच्या नावाने जगभर ओळखला जातो. लाकडाच्या वखारीत काम करणाऱ्या या माणसाने १८८६ साली त्याचे पेटंट घेतले. नदीतून लाकडाचे ओंडके वाहून न्यायचे, त्यासाठी पाणी अडवायचे आणि सोडायचे, ही त्यांची गरज होती.

आता यातली खरी गंमत पाहा. बैलगाडीचे चाक डोळ्यांसमोर आणा. बाहेर गोल धाव, मध्ये तुंबा, आणि धावेपासून तुंब्यापर्यंत आरे. धावेच्या कोणत्याही जागेवर काटकोनात आत दाबले तर तो दाब कोठे जातो? आऱ्यातून सरळ मध्यात, आसाकडे. गोलाचा गुणच तो. त्याच्या कडेवरची प्रत्येक काटकोनी रेषा मध्यबिंदूकडे जाते. घरी खात्री करायची असेल तर कागदावर बांगडी ठेवून गोल काढा. कडेवर कोठेही बिंदू घ्या आणि तेथून कडेला काटकोनात आत रेघ मारा. चार-पाच रेघा मारल्या की सगळ्या एकाच ठिकाणी भेटतात.

पाण्याचाही एक गुण आहे. ते ज्या पृष्ठभागाला टेकते त्याला नेहमी काटकोनातच दाबते, तिरके कधी दाबत नाही. हतनूरच्या दरवाजाचा बाक म्हणजे चाकाच्या धावेचा एक तुकडा, आणि त्या चाकाचा मध्य म्हणजे ती खीळ. मग पाणी वरून दाबो, मधून दाबो, तळाशी दाबो, प्रत्येक थेंबाचा दाब सरळ खिळीकडेच जातो. १८० टन जोर आहे, पण खिळीपासून अंतर शून्य. १८० गुणिले शून्य म्हणजे शून्य. एवढे प्रचंड पाणी त्या दरवाजाला उघडू शकत नाही आणि बंदही करू शकत नाही. ते आपल्यासारखेच दार बिजागरीच्या दिशेने ढकलत बसलेले असते.

मग मोटारीला उचलायचे काय राहिले? फक्त दरवाजाचे वजन, आणि कडेच्या रबरी पट्ट्यांचे व खिळीचे थोडे घर्षण. वजनाचा हिशेब करू. दरवाजा २० टनांचा आणि त्याचे वजन खिळीपासून आडवे ६ मीटरवर आहे असे धरू. २० गुणिले ६ म्हणजे १२०. ही दरवाजाला खाली पाडणारी ताकद. उचलणारा तारेचा दोर खिळीपासून ८ मीटरवर वर ओढतो. १२० भागिले ८, उत्तर १५. म्हणजे पंधरा टनांचा ओढा पुरला. सरळ दरवाजाला ६५ टन लागत होते, येथे १५ मध्ये काम झाले. आणि १५ टन ओढायला मोटारही मोठी लागत नाही, कारण मध्ये दातेरी चाकांची जोडणी असते. मोटार पुष्कळ फेरे घेते, दरवाजा वीतभर उचलला जातो. हापशाचाच हिशेब, उलटा सुलटा.

बाळा, तुझ्या प्रश्नाचे उत्तर हे आहे. मोटार पाण्याशी झुंजतच नाही. पाण्याचा जोर खिळीकडे वळवून बाजूला ठेवला आहे.

आता धड्यातला दुसरा कठीण शब्द, मोमेंट ऑफ इनर्शिया. घरात एकसारख्या जाडीची काठी असेल तर ती गुळगुळीत फरशीवर आडवी ठेवा. मधोमध बोटाने दाबून धरा आणि गरकन फिरवा. मग एक टोक दाबून धरा आणि तसेच फिरवून पाहा. काठी तीच, वजन तेच. पण टोकाभोवती फिरवायला चौपट ताकद लागते. कारण आता काठीचा बराचसा भाग खिळीपासून दूर गेला. फिरणाऱ्या वस्तूत वजन किती याबरोबरच वजन कोठे आहे हे पाहावे लागते. जितके दूर, तितकी ती वस्तू फिरायला आळशी, आणि एकदा फिरू लागली की थांबायलाही तितकीच हट्टी. हतनूरच्या दरवाजाचे बहुतेक वजन खिळीपासून लांब, त्या बाकदार पत्र्यात आहे. म्हणून तो झटक्याने कधी उचलत नाहीत आणि झटक्याने सोडतही नाहीत. एखाद्या मुंगीच्या चालीने तो वर जातो, हे तुम्ही पाहिलेच असेल. तो संथपणा सरकारी कामाचा नव्हे, शास्त्राचा आहे.

आता ज्या गोष्टीसाठी मी हे सदर लांबवले तिच्याकडे येतो. पाण्याचा जोर दरवाजाला फिरवत नाही हे खरे, पण तो नाहीसा तर झालेला नाही ना? १८० टन गेले कोठे? ते लोखंडी हातांतून सरळ खिळींवर गेले. दोन खिळी, प्रत्येकीवर ९० टन. खिळी तेवढाच उलट जोर देऊन ते थोपवून धरतात. दार उघडताना आपण कडीकडे पाहतो, दरवाजा उचलताना सगळे दोराकडे आणि मोटारीकडे पाहतात. सगळ्यांत जास्त सोसणारी खीळ मात्र जागची हलत नाही, म्हणून तिच्याकडे कोणाचे लक्ष जात नाही.

लक्ष गेले नाही तर काय होते? अमेरिकेत कॅलिफोर्निया राज्यात फॉल्सम नावाचे धरण आहे. ते १९५६ मध्ये पूर्ण झाले. त्याचेही दरवाजे असेच वक्राकार. १७ जुलै १९९५ च्या सकाळी तेथील कर्मचारी नेहमीप्रमाणे तीन नंबरचा दरवाजा उघडत होता. दरवाजा थोडा वर गेला, थरथरला आणि मोडून बाजूला फेकला गेला. पाणी धो धो सुटले. अडवण्याची सोय होईपर्यंत जलाशयातले सुमारे ४० टक्के पाणी वाहून गेले. जीवितहानी झाली नाही, एवढेच समाधान. चौकशी झाली तेव्हा कारण निघाले खिळीत. खिळीला ग्रीस देण्याचे प्रमाण पूर्वीपेक्षा कमी झाले होते, पावसापाण्यापासून तिला आडोसाही नव्हता. वर्षानुवर्षे गंज चढत गेला आणि घर्षण वाढत गेले. आणखी एक चूक मूळ आराखड्यातच होती. दरवाजाच्या हातांची ताकद ठरवताना खिळीतले घर्षण धरलेलेच नव्हते.

आपल्या हिशेबातून हे समजून घेऊ. खीळ ग्रीसने नीट माखलेली असेल तर अडवणूक दाबाच्या दहाव्या हिश्शाइतकी धरा. १८० चा दहावा हिस्सा १८ टन. खिळीच्या मध्यापासून तिच्या कडेपर्यंतचे अंतर १५ सेंटिमीटर धरले, तर फिरण्याला विरोध २.७. गंज चढून अडवणूक तिसऱ्या हिश्शाइतकी झाली तर ६० टन, आणि विरोध ९. तिपटीहून जास्त. पण दरवाजाच्या वजनाचा आकडा होता १२०. एकशे वीसच्या शेजारी ९ म्हणजे किती? मोटारीला ते फारसे जाणवतही नाही. ती आपली ओढत राहते.

जाणवते ते लोखंडी हातांना. दरवाजा वर जायला बघतो, खीळ त्याला जागच्या जागी धरून ठेवते, आणि मधला हात वाकू लागतो. काठी उभी टेकवली तर माणसाचा भार घेते. तीच काठी एका टोकाला घट्ट धरून आडवी वाकवली तर कडकन मोडते. दरवाजाचे हात उभ्या काठीसारखे दाब सोसण्यासाठी केलेले असतात. त्यांना वाकवणारा जोर गंजलेल्या खिळीतून येतो. फॉल्समला हेच झाले. १८० टनांचे पाणी सोसणारा दरवाजा गंजाने मोडला.

आपल्याकडे शेजारच्या कर्नाटकातले तुंगभद्रा धरण आठवून पाहा. तेथे ३३ दरवाजे आहेत, ते वक्राकार नाहीत, साखळीने सरळ उचलायचे आहेत. १० ऑगस्ट २०२४ च्या रात्री १९ नंबरच्या दरवाजाची साखळी तुटली आणि दरवाजा वाहून गेला. धरण भरलेले होते. हजारो शेतकऱ्यांचे हक्काचे पाणी नदीत गेले. तेथे खीळ नव्हती, साखळी होती, पण मुद्दा तोच. एवढे मोठे धरण एका लहानशा भागावर टेकलेले असते.

हतनूरच्या खाली तापीवर धुळे जिल्ह्यात सुलवाडे, मग नंदुरबारकडे सारंगखेडा आणि प्रकाशा येथे बॅरेज आहेत, आणि पुढे गुजरातेत उकाई. उकाईलाही २२ वक्राकार दरवाजे आहेत. त्याच्या खाली सुरत. खानदेशातली किती घरे पोटासाठी सुरतेला गेली, हे वेगळे सांगायला नको. ऑगस्ट २००६ मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरत शहराचा मोठा भाग बुडाला होता. तो दरवाजा मोडल्याचा प्रकार नव्हता, पाणी केव्हा आणि किती सोडायचे याचा प्रश्न होता. पण दरवाजा ऐन वेळी उघडणे आणि मिटणे हे नदीकाठच्या माणसाला किती महत्त्वाचे असते, हे त्यावरून कळते. नदीच्या अगदी काठाला, सखल जागी कोणाची घरे असतात हेही आपण जाणतो.

म्हणून खिळीला ग्रीस देणारा जो खलाशी किंवा मजूर असतो, त्याचे काम हलके समजू नये. तो पावसाळ्यापूर्वी अरुंद पायऱ्यांवरून खाली उतरतो, जुने ग्रीस पुसतो, नवे भरतो, गंज खरवडतो, दोराचे तुटके धागे पाहतो. त्याचे नाव कोठे छापून येत नाही. आपल्यापैकी कितीतरी घरांतली माणसे अशाच कामावर आहेत. कोणी धरणावर, कोणी रेल्वेच्या शेडमध्ये, कोणी जिनिंगमध्ये. त्यांना एवढेच सांगणे आहे की, हातातल्या ग्रीसगनचा अर्थ समजून काम करा आणि खीळ कुरकुरली तर वरच्याला लेखी कळवा. २०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यानुसार दरवर्षी पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर धरणाची तपासणी करणे बंधनकारक आहे. ती झाली का, दरवाजे चालवून पाहिले का, हे नदीकाठच्या ग्रामपंचायतीने विचारले तर त्यात गैर काही नाही.

धरणांच्या या गोष्टीत बाबासाहेबांचेही नाव येते. १९४२ ते १९४६ या काळात ते व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खाते सांभाळत होते. पाटबंधारे आणि वीज हे विषय त्यांच्याच खात्यात होते. त्या काळात, १९४५ साली, केंद्राचा जलमार्ग, पाटबंधारे व नौकानयन आयोग स्थापन झाला. आजचा केंद्रीय जल आयोग तो हाच. तापीच्या पुराचा अंदाज आज जो आयोग देतो, त्याचे मूळ तेथे आहे. पाणी अडवणे, सोडणे, मोजणे हे शास्त्राचे काम आहे आणि ते आपल्या मुलामुलींनीही शिकावे, यात नवल ते काय?

आता परीक्षेपुरते सांगतो. खिळीवर फिरणाऱ्या वस्तूचे गणित आले की घाबरून सूत्र शोधू नकोस. आधी चित्र काढ आणि खीळ कोठे आहे तेथे ठळक टिंब दे. मग त्या वस्तूवर कोणकोणते जोर लागतात ते बाण काढून दाखव. वजन विसरू नकोस, ते वस्तूच्या गुरुत्वमध्यातून खाली. खिळीचा जोरही विसरू नकोस. नंतर प्रत्येक बाणाचे खिळीपासून काटकोनी अंतर मोज, गुणाकार कर, आणि तो घड्याळाच्या काट्याच्या दिशेने फिरवतो की उलट, ते लिही. दोन्हीकडची बेरीज सारखी आली तर वस्तू स्थिर, किंवा एकाच वेगाने फिरत राहणारी. कमी-जास्त आली तर फिरण्याचा वेग बदलणार, आणि किती लवकर बदलणार ते वजन किती दूर पसरले आहे यावर ठरणार.

यात एक सोय आहे, ती मुलांना कोणी सांगत नाही. खीळ किती जोर देते हे गणितात बहुधा दिलेले नसते, आणि मुले तेथेच अडतात. पण हिशेब खिळीभोवती केला की खिळीच्या जोराचे अंतर शून्य होते आणि तो आपोआप गळून पडतो. हतनूरला पाण्याचे १८० टन ज्या युक्तीने बाजूला ठेवले, त्याच युक्तीने तुझ्या गणितातली अनोळखी संख्या बाजूला होते. उरलेले गणित सुटल्यावर मग ती शांतपणे काढता येते.

ताई, मुलीला आज पुस्तक उघडायला सांगू नका. आधी दारापाशी उभी राहून तीनदा ढकलू द्या. मग बांगडीने गोल काढू द्या. नंतर तोच धडा पुन्हा वाचायला बसवा, आणि अडेल तो इंग्रजी शब्द मराठीत वहीच्या कडेला लिहायला सांगा. आणि येत्या पावसाळ्यात हतनूरला जाल तेव्हा दरवाजाखालून उसळणारे पाणी तर पाहाच, पण दूरवरून, कठड्याच्या अलीकडे उभे राहून, ती खीळ कोठे आहे हेही तिला शोधायला सांगा. सापडली की मला पत्राने कळवा.